देपालपुरात काफ्का कशाला?

अकरावी-बारावीच्या इंग्रजीच्या तासाला काफ्का, काम्यू वाचावेत असं म्हटलं की ठरलेले आक्षेप येतात. मुलं निराश होतील. हे युद्धाने पोळलेल्या युरोपाचं दुखणं, इंदूरजवळच्या देपालपूरच्या सोयाबीनवाल्याच्या पोराला त्याचं काय? आणि इंग्रजी शिकायची ती नोकरीसाठी.

मधला आक्षेप आधी घेतो, कारण तो सगळ्यांत उर्मट आहे. शिवाय चूकही आहे. ‘मेटामॉर्फसिस’ काफ्काने 1912 साली लिहिली, पहिलं महायुद्ध सुरू व्हायच्या आधी. किडा होऊन जागा झालेल्या ग्रेगॉर साम्साला पहिली काळजी लागते ती गाडी चुकल्याची, साहेबाच्या बोलण्याची, आईबापांवरच्या कर्जाची. घरातला एकटा कमावता कामाचा उरला नाही की घरच्यांची माया किती दिवस टिकते, हे ती कथा पाहते. हे माळव्यातल्या मुलाला कळणार नाही, असं कुणाच्या भरवशावर म्हणायचं?

या लेखकांच्या ॲब्सर्डचं, म्हणजे अर्थ न लागणाऱ्या जगाचं, म्हणाल तर देपालपूर तहसिलीतच गौतमपुरा आहे, मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावाचं गाव. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी तिथे तुर्रा आणि कलंगी असे दोन गट एकमेकांवर पेटते हिंगोट, म्हणजे दारू भरलेली फळं, फेकतात. माणसं भाजतात, जीवही गेले आहेत. जिंकत कोणीच नाही. पुढच्या दिवाळीला पुन्हा तयारी. हे बघत वाढलेल्या मुलाला बेकेटच्या नाटकात गोदोची वाट पाहणारे ते दोघे परके का वाटावेत? जाणकार प्रेक्षक त्या नाटकापुढे बुचकळ्यात पडत होते, पण 1957 साली सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात सुमारे चौदाशे कैदी ते खिळून पाहत होते.

नोकरीवाल्यांना उत्तर सोपं आहे. काम्यूच्या ‘आउटसायडर’मधली वाक्यं आखूड, साधी. कच्च्या इंग्रजीला ती पाठ्यपुस्तकातल्या कित्येक धड्यांहून सोसवतात.

निराशेचा आक्षेप मात्र हसण्यावारी नेता येत नाही. इंदूरच्या भंवरकुआंतल्या कोचिंगच्या गर्दीतून परतलेली मुलं कोणत्या मनःस्थितीत असतात ते घरच्यांना ठाऊक असतं. म्हणून तर मी काम्यूचं नाव घेतो. 1942च्या ‘मिथ ऑफ सिसिफस’मध्ये तो आत्महत्येचाच प्रश्न पहिला घेतो आणि ती वाट नाकारतो. आम्ही तो शब्दही वर्गात उच्चारत नाही, वर प्रत्येक धड्याला तात्पर्य चिकटवतो. मुलाला आपली बेचैनी कुठेच छापलेली दिसली नाही, तर तो तिला स्वतःचा एकट्याचा रोग समजतो. हे धोक्याचं नाही?

‘आउटसायडर’ हातात देऊन ‘रविवारी वाचून या’ म्हणणाऱ्या मास्तरांचा मी वकील नाही. हे वाचन वर्गातच, थांबत-थांबत व्हावं. मास्तरांनी उत्तराची घाई करू नये. (गाइडवाल्यांनी तर यात पडूच नये, ‘ॲब्सर्डची पाच वैशिष्ट्ये’ पाठ करायला लावणं हा स्वतंत्र ॲब्सर्ड प्रकार होईल.)

सुरुवात करायला नवं पुस्तकही नको. एनसीईआरटीच्या बारावीच्या ‘फ्लेमिंगो’त सेल्मा लागरलोफची ‘रॅटट्रॅप’ आहे. उंदराचे सापळे विकणाऱ्या फिरस्त्याला वाटतं, सगळं जगच एक मोठा सापळा आहे. शेवटी त्याला आसरा देणाऱ्या एडलाच्या चांगुलपणाने तो सुधारतो आणि प्रश्नपत्रिका एडलाचं स्वभावचित्र मागते. एखाद्या वर्षी विचारून पाहावं: फिरस्त्याचं जगाविषयीचं म्हणणं एडलाने खोटं पाडलं, की फक्त त्याला जेवू घातलं? दोन्ही उत्तरांना पूर्ण गुण द्यावेत.