मांजराचा खेळ आणि पालकाची जबाबदारी
जपानमध्ये २०१४ साली निघालेल्या ‘नेको आत्सुमे’ या भ्रमणध्वनीवरील खेळात अंगणात अन्न व खेळणी मांडली की मांजरे येतात आणि आपल्या मर्जीने निघून जातात. त्यांना कोंडता येत नाही, ही शिकवण मोलाची होय. परंतु तेथील मांजर आजारी पडत नाही की म्हातारे होत नाही. खरे मांजर बहुधा १२ ते १५ वर्षे जगते. त्याला लसी, निर्बीजीकरण व उतारवयात शुश्रूषा लागते. म्हणून मांजर दत्तक घेण्याचा खेळ रचणाऱ्याने, भेदरून खाटेखाली दडलेल्या मांजराची धीराने वाट पाहणाऱ्यास अधिक गुण द्यावेत. एवढा भार आपल्याला झेपणार नाही हे ओळखून जो मांजर घरी नेत नाही, त्यासही विजयी ठरवावे. खेळ पुन्हा मांडता येतो. रस्त्यावर सोडलेल्या मांजराला तशी सोय नसते.