खांबांनी मारलेला पीळ

अब्बांना उंबरठ्यावरून अंगणात उतरवेनासे झाले, तेव्हा आम्ही अंगणात लाकडी माची करायचे ठरवले. उंबरठ्याच्या पातळीला येईल अशी, दीड फूट उंच, दहा बाय आठची. खुर्ची टाकून त्यांना मोकळ्या हवेत असरची नमाज पढता यावी, रमजानमध्ये इफ्तारला सगळ्यांसोबत बसता यावे, एवढाच हेतू. साडेसात फुटांचे सहा खांब, दीड फुटावर फळ्या आणि वर सावलीचे कापड.

शाबान निम्मा सरला होता. वखारीतून निंबाचे चार इंची खांब आणले. सागवानाचा भाव ऐकून आम्ही आधीच मागे फिरलो होतो. सुतारचाचांनी एक खांब उचलून वजन अजमावले, टोकाशी हात फिरवला आणि म्हणाले, "बाजी, लकडी कच्ची है. सूखने दो, नहीं तो पीळ मारेगी."

किती दिवस, विचारले तर म्हणाले, पाच-सहा महिने. मी हसलेच. रमजान पंधरा दिवसांवर आला होता. म्हटले, चाचा, तुम्ही उभे तर करा.

पंधराव्या रोज्यापर्यंत दोन खांबांनी स्वतःभोवती पीळ मारला होता, तिसऱ्याला बाक आला होता. आपल्याकडची त्या दिवसांतली कोरडी हवा तुम्हाला ठाऊक आहेच. खांबाला जखडलेली फळी उंबरठ्याजवळ इंचभर उचलली गेली आणि अब्बांची काठी नेमकी त्या फटीत अडकली. चौकट हाताशी होती म्हणून ते सावरले. त्या रात्री मी ठरवले, चाचांच्या मजुरीतले राहिलेले दीड हजार द्यायचे नाहीत.

खरे तर मी शाळेत शिकवते. जुलैत वर्गाचे दार घट्ट बसते आणि मार्चमध्ये सैल होते, ते का, हे मुलांना दरवर्षी सांगते. ओले लाकूड वाळताना आधी त्याच्या पोकळ्यांमधले मोकळे पाणी जाते, तोवर आकार बदलत नाही. पाण्याचे प्रमाण कोरड्या लाकडाच्या वजनाच्या साधारण ३० टक्क्यांखाली आले की ते आक्रसू लागते. तेही सगळीकडे सारखे नाही. लांबीत जवळजवळ नाहीच. गाभ्यापासून सालीकडे थोडे, आणि वर्तुळांच्या दिशेने त्याच्या सुमारे दुप्पट. ही ओढाताण लाकडाला तडकवते, वाकवते. झाडाचे तंतूच गोल वळत वाढलेले असतील, तर खांब पीळ मारतो. त्यात सुताराच्या हाताचा दोष कुठे आला?

हे सगळे मला ठाऊक होते, तरी राग चाचांवर काढला. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी, हे मुलांना मीच सांगते. इथे घाम वाळून तीन आठवडे झाले होते. दुसऱ्या दिवशी दीड हजार घेऊन त्यांच्या घरी गेले. त्यांनी पैसे न मोजता खिशात ठेवले आणि म्हणाले, हा जकरिया अलैहिस्सलामांचा धंदा, याला घाई चालत नाही. मग पुढच्याच दिवशी ओळंबा आणि गुण्या घेऊन आले.

पीळ आलेला खांब सरळ होत नाही, हे त्यांनी आधीच सांगून टाकले. रंधा मारून पीळ काढायचा तर निम्मा खांब भुशात जातो. म्हणून ते दोन्ही काढून दीड-दीड फुटांचे तुकडे केले. तेवढ्या लांबीत पीळ जाणवत नाही, माचीखाली मधल्या आधाराला ते चालले. बाक आलेला खांब मात्र जागेवरच राहिला. त्याला दोर बांधून, पाचरी मारून हळूहळू ओळंब्यात आणले, तिरकी पट्टी टाकली आणि खिळ्यांऐवजी बोल्ट लावले. दोन खांब कमी पडले, ते मोडीत निघालेल्या जुन्या घराच्या सागवानातून मिळाले. जुने सागवान आधीच वाळलेले असते. नव्या सागवानाहून स्वस्त पडले, फक्त आतले खिळे शोधून काढावे लागले.

सगळ्या खांबांखाली त्यांनी दगडाचे तळखडे बसवले. जुन्या वाड्यांत खांब कधी मातीत रोवत नसत, ते यासाठीच. चाचा वेरूळच्या दहाव्या लेण्याचा दाखला देतात. आपल्याकडे त्याला 'सुतार का झोपडा' म्हणतात. तिथल्या छताच्या कमानी दगडाच्या, पण कोरल्यात लाकडी वाशांसारख्या. मी त्यांना कार्ल्याचे सांगितले. तिथल्या चैत्यगृहात खऱ्या लाकडाच्या कमानी सुमारे २००० वर्षे टिकून आहेत, कारण त्यांना ऊन-पाऊस लागत नाही. चाचांना ते पटले नाही. दगडात उन्हापावसाची भानगडच नाही, म्हणाले.

घाई करायचीच नसेल तर खांब सावलीत, जमिनीपासून वर, दोन थरांत पट्ट्या ठेवून रचावेत. टोकांना रंग फासावा, कारण पाणी टोकांतून लवकर जाते आणि तिथेच आधी तडे पडतात. वरच्या थरावर वजन ठेवावे. वाळले की नाही हे कळायला एक तुकडा कापून तिथेच ठेवावा आणि दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलावा. वजन उतरायचे थांबले की खांब उभे करावेत. विकत घेताना एका टोकाला डोळा लावून दुसरे टोक पाहावे. गाभा मध्यभागी असलेला खांब तडकण्याची शक्यता जास्त, तो टाळता आला तर टाळावा.

पावसाळा संपल्यावर चाचा एकदा येऊन बोल्ट कसून गेले. बाकदार खांब अजून थोडा बाहेर झुकलेला आहे. अब्बांनी त्याला एक खिळा ठोकून घेतला आहे. असरला बाहेर आले की काठी तिथे अडकवतात.