घरगुती आरोग्य : दांतांवरचें कीटण

गेल्या आषाढांत आमच्या केडगांवच्या घरीं एक लहानशी गोष्ट घडली, आणि तिनेंच आजचा हा लेख माझ्याकडून लिहवून घेतला आहे. माझा पांच वर्षांचा नातू रोज दिवेलागणीस माझ्याजवळ बसून परवचा म्हणतो. त्या दिवशीं सूनबाई स्वयंपाकघरांतून ऐकत होत्या. त्या बाहेर येऊन म्हणाल्या, "मामंजी, हा 'तीन'चा 'थीन' करतो आणि 'सात'चा 'शाथ'. शाळेंत बाईंनींही विचारलें." प्रथम वाटलें, दुधाचे दांत पडूं लागले असतील. तोंड उघडून पाहिलें, तों सारे दांत जागच्या जागीं! मग उलगडा झाला. दोष मुलाच्या मुखांत नव्हता, माझ्या मुखांत होता. माझे वरचे पुढचे चार दांत गेले आहेत, कवळी लावण्याचा मला कंटाळा, आणि पोर बिचारें आजोबा म्हणतील तसें म्हणत होतें.

तवर्ग, ल आणि स यांचें उच्चारस्थान दांत, हें मीं आयुष्यभर वर्गांत फळ्यावर लिहून शिकविलें. ज्या मास्तरानें शेंकडों मुलांचे उच्चार सुधारले, त्याच्याच घरांत त्याच्याच मुखांतून अशुद्ध उच्चार पुढच्या पिढींत उतरावा, याचें मला फार वाईट वाटलें. आणि हे दांत कांहीं म्हातारपणानें गेले नाहींत. ते माझ्या हट्टानें गेले.

वीस वर्षांपूर्वीं पुण्यास एका दंतवैद्यांनीं माझे दांत पाहून सांगितलें होतें, "दांत भक्कम आहेत, पण कीटण फार सांचलें आहे. तें काढून घ्या, आणि वर्षाकांठीं दाखवीत जा." मीं मान डोलावली आणि तडक घर गांठलें. रात्रीं पंगतींत तो प्रसंग विनोदानें सांगितला : "आतां दांत घासून देण्याचेही पैसे घेतात म्हणे!" सारें घर हंसलें. पुढें सकाळीं चूळ भरतांना रक्त दिसे, तें मीं मीठ आणि तुरटीवर भागविलें. दांत कधीं ठणकला नाहीं, म्हणून रोग आहे असें मनांतही आलें नाहीं. मग एकेक दांत हालूं लागला, आणि न दुखतांच गेला.

कीड आणि कीटण या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हें प्रथम ध्यानांत घ्यावें. कीड दांतालाच पोखरते आणि तिला गोड मानवतें. आमच्या दौंड तालुक्यांत गुऱ्हाळें पुष्कळ, तेव्हां तिची ओळख येथें कोणास करून द्यावयास नको. कीटण मात्र निमूटपणें काम करतें. दांतांवर सूक्ष्म जंतूंची एक चिकट साय सतत धरत असते. ती मऊ आहे तोंवर घासण्यानें निघते. सांदीकोपऱ्यांत राहून गेली, तर लाळेंतील कॅल्शियम व फॉस्फेट यांचे क्षार तिच्यांत मुरतात आणि कांहीं दिवसांतच तिचा दगड बनूं लागतो. पाणी तापविण्याच्या बंबांत क्षाराचा थर धरतो, तसाच हा प्रकार. लाळेच्या नलिका खालच्या पुढच्या दांतांच्या आंतल्या बाजूजवळ आणि वरच्या दाढांच्या बाहेरच्या बाजूजवळ उघडतात; म्हणून कीटणही त्याच ठिकाणीं अधिक सांचतें. आरशांत पाहणाऱ्यास तें बहुधा दिसत नाहीं.

एकदां दगड झाला, कीं ब्रश, मंजन, मीठ, राख, कोळसा यांपैकीं कशानेंही तो निघत नाहीं. उलट जोरानें घासल्यास दांताचें कवच आणि हिरडी यांचीच झीज होते. कीटणाच्या खडबडीत पाठीवर नवी साय बसते, हिरडी सुजते, रक्त येऊं लागतें. पुढें हिरडी दांतापासून सुटते, मध्यें खोबण पडते, आणि ज्या हाडांत दांत रोवलेला असतो तें हाड झिजूं लागतें. नुसती सुजलेली हिरडी कीटण काढल्यावर पूर्ववत् होते; परंतु झिजलेलें हाड सहसा भरून येत नाहीं. वेळेवर जाण्याचें महत्त्व एवढ्यासाठींच.

हें शहरी खूळ आहे असें मी म्हणत असें, तेव्हां माझें संस्कृत कोठें गेलें होतें कोण जाणे! सुश्रुतसंहितेंत मुखरोगांची संख्या ६५ दिली आहे. त्यांतील दंतरोगांत 'दंतशर्करा' म्हणून जो रोग सांगितला, तो हेंच कीटण. येथें शर्करा म्हणजे खाण्याची साखर नव्हे, बारीक खडे. हिरडीच्या मुळास इजा न करतां ती काढावी आणि मग लाखेचें चूर्ण मधांतून लावावें, असा उपचारही तेथें आहे. सुश्रुतानें जीं वीस शस्त्रें गणलीं, त्यांत 'दंतशंकु' नांवाचें एक शस्त्र आहे. वाग्भटानें दिनचर्येंत सकाळीं व जेवणानंतर दंतधावन सांगितलें आणि हिरडीस दुखवूं नये अशी अट घातली. म्हणजे रोजचें घासणें हें गृहस्थाचें काम, आणि दगड झालेलें कीटण काढणें हें वैद्याचें, अशी वांटणी आपल्याकडेंही होती. आपण पहिलें ठेविलें आणि दुसरें विसरलों.

पाश्चात्यांकडे हॉलंडमधील डेल्फ्टच्या लेव्हेनहूकनें १६८३ सालीं दांतांवरचा मळ भिंगाखालीं धरून त्यांतील वळवळणारे जीव पाहिले. अमेरिकेंत ब्रिजपोर्ट येथील डॉ. फोन्स यांनीं १९०६ सालीं आपल्या मदतनीस बाईंस दांत स्वच्छ करण्याची कला शिकविली आणि १९१३ सालीं त्या शिक्षणाची शाळाच काढली. आपल्या देशांत डॉ. रफीउद्दीन अहमद यांनीं कलकत्त्यास १९२० सालीं दंतवैद्यकाचें पहिलें महाविद्यालय काढलें. मुंबईस नायर रुग्णालयाचें दंत महाविद्यालय १९३३ सालीं निघालें. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्यांत तर दांत खरवडून स्वच्छ करणाऱ्या शिक्षित साहाय्यकाचीही व्याख्या आहे. तेव्हां मीं ज्याला पंगतींत हंसलों, तें एक मान्य शास्त्र होतें.

आतां नेहमींच्या शंका. पहिली : खरवडल्यानें दांत हालतात. खरी गोष्ट अशी, कीं हाड आधींच झिजलेलें असतें आणि दगडानें दांत एकमेकांस बांधून धरलेले असतात. दगड निघतांच जुनें नुकसान उघडें पडतें. दुसरी : दांतांत फटी पडतात. त्या फटींत पूर्वीं कीटण होतें, एवढाच त्याचा अर्थ. तिसरी : कवच निघून जातें. हल्लींच्या यंत्राचें टोंक सेकंदास सुमारें २५,००० वा अधिक वेळां कंप पावतें आणि वर पाण्याची धार असते. जाणत्या हातीं तें कीटण फोडतें, दांत नव्हे. नंतर थोडे दिवस गारगरम झोंबतें, तें बहुधा आपोआप शमतें.

किती वेळां जावें? 'दर सहा महिन्यांनीं' हा सर्वांस लागू असा मंत्र नाहीं. कॉक्रेन संस्थेच्या २०१८ च्या परीक्षणांत असें दिसलें, कीं जे निरोगी प्रौढ नियमानें दंतवैद्यास दाखवितात, त्यांना ठराविक मुदतीनें सफाई केल्यानें दोनतीन वर्षांत हिरड्यांचा विशेष अधिक लाभ होत नाहीं. म्हणून नियम तपासणीचा असावा आणि सफाई गरजेप्रमाणें व्हावी. मधुमेहाच्या रोग्यांनीं मात्र हयगय करूं नये; मधुमेहानें हिरडीचा रोग बळावतो, आणि हिरडीच्या रोगानें रक्तांतील साखर आवरणें कठीण जातें. तंबाखू खाणारे, मशेरी लावणारे आणि गर्भवती स्त्रिया यांनींही जपावें. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. ती दांत साफ करीत नाहीं, व्यसन लावते आणि मुखाच्या कर्करोगास वाट करून देते. रक्त पातळ करणारें औषध चालूं असेल किंवा हृदयाची कृत्रिम झडप बसविली असेल, तर तसें दंतवैद्यास आधींच सांगावें.

हें सारें मीं वाचून घेतलें, तें नातवाच्या परवच्यानंतर. परंतु खरी शिक्षा अजून व्हावयाची होती. मीं सूनबाईंस म्हटलें, "उद्यां पुण्यास जाऊन कवळीचें पाहतों." त्या घुटमळल्या आणि हळूच म्हणाल्या, "मग मीही येऊं का? याच्या वेळीं दिवस गेले होते तेव्हांपासून हिरड्यांतून रक्त येतें." मीं विचारलें, "इतकीं वर्षें बोललां नाहींत?" त्या म्हणाल्या, "तुम्ही दांत घासण्याच्या पैशांची गोष्ट सांगतां, तेव्हां सगळे हंसतात."

ती गोष्ट मीं त्या एका रात्रींच नव्हे, पाहुणा आला कीं सांगत आलों होतों. एकत्र कुटुंबांत वडील माणसाच्या थट्टेचा कायदा होतो, हें मला त्या दिवशीं कळलें. नातवंडांच्या दांतांकडे सारें घर पाहतें, वडिलांच्या पथ्यपाण्याकडे सारें घर पाहतें. घरांतील सुनेच्या मुखांतलें रक्त मोरीवरच वाहून जातें आणि कोणास दिसत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं आम्ही दोघेंही सकाळच्या गाडीनें पुण्यास गेलों. त्यांचें कीटण दोन बैठकींत निघालें. हाडास अजून धक्का लागलेला नाहीं, असें दंतवैद्यांनीं सांगितलें, तेव्हां मीं मनांतल्या मनांत हात जोडले. रक्त पंधरा दिवसांत थांबलें. ज्यांना खर्चाची अडचण असेल, त्यांनीं जवळच्या दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयांत जावें. तेथें शिक्षकांच्या देखरेखीखालीं हें काम अल्प खर्चांत होतें.

वाचकांस एवढीच विनंती, कीं या महिन्यांत एक दिवस ठरवून घरांतील प्रत्येकास विचारावें : चूळ भरतांना रक्त येतें का? विचारतांना सुनांपासून आरंभ करावा आणि उत्तर येईपर्यंत थांबावें. माझी कवळी आतां बसली आहे. संध्याकाळीं मी ती लावूनच परवच्यास बसतों, आणि नातू 'तीन' म्हणतो तो आतां 'तीन'च असतो.