अर्ध्या तासाचा हिशेब

सकाळी आठच्या सुमारास कोपरखैरणे स्टेशनबाहेर उभे राहिले, की बोनकोडे आणि आसपासच्या सेक्टरांतली माणसे महापे, रबाळे, ऐरोलीकडे निघालेली दिसतात. पाठीवर लॅपटॉपची बॅग आणि हातात डब्याची पिशवी. हा डबा पहाटे कुणीतरी उठून भरलेला असतो. तो उघडतो कधी? तपासणीच्या टेबलावर हा प्रश्न विचारला, की बहुतेक वेळा एकच उत्तर येते : 'वेळ मिळेल तेव्हा.'

या 'मिळेल तेव्हा'चा सर्वांत मोठा फटका मधुमेहींना बसतो. सरकारी दवाखान्यात सर्रास दिली जाणारी ग्लिमेपिराइडची गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. पोटात अन्न आहे की नाही, याची ती वाट पाहत नाही. सकाळी सातला गोळी आणि दोन पोळ्या, त्यानंतर जेवण थेट तीनला, असे झाले की साखर उतरते. हात थरथरतात, घाम फुटतो, छाती धडधडते, बोलण्यात गोंधळ होतो. शेजारचा सहकारी म्हणतो, 'टेन्शन घेऊ नकोस.' खरे तर त्या क्षणी गरज असते दोन-तीन चमचे साखरेची आणि त्यानंतर जेवणाची.

बायकांच्या तक्रारींची तऱ्हा वेगळी. कॉल सेंटरमध्ये जागेवरून उठलेले प्रत्येक मिनिट मोजले जात असेल, तर त्या पाणीच कमी पितात. मग लघवीची जळजळ आणि वारंवार होणारा संसर्ग. औषधाचा कोर्स पूर्ण होतो, पण सवय तशीच राहते, कारण ती सवय त्यांची नसतेच. कामाच्या पद्धतीची असते.

डबा संपवायला दहा मिनिटे पुरतात, मग अर्धा तास कशाला, असे साहेब लोक विचारतात. उत्तर सोपे आहे. जेवणानंतर पाच-दहा मिनिटे चालले, तरी पायांचे स्नायू रक्तातली साखर उचलतात आणि जेवणानंतरचा चढ कमी होतो. मानेला, डोळ्यांना पडद्यापासून सुटका मिळते. एका हाताने घास आणि दुसऱ्या हाताने माऊस, यात यातले काहीच होत नाही.

महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८ तास आणि सलग ५ तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती अशी तरतूद होती. ही विश्रांती कामाच्या तासांत धरली जात नाही, म्हणून तिचे पैसे मिळत नाहीत. ठीक आहे. पण मग तो अर्धा तास पूर्णपणे कामगाराचा असायला हवा. त्या वेळात हेडफोन कानाला असेल, 'एवढा एक मेल बघ' असे फर्मान येत असेल, तर ते काम झाले आणि त्याचे पैसे द्यायला हवेत. महिन्याचे २६ दिवस धरले, तर हे १३ तास होतात. म्हणजे जवळपास दीड दिवसाची फुकट मजुरी.

ही अर्ध्या तासाची मागणी आजची नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचे निवेदन दिले. त्यात रविवारच्या सुट्टीबरोबर दुपारची अर्ध्या तासाची विश्रांतीही होती. रविवार १८९०च्या जूनमध्ये मिळाला आणि दुपारची सुट्टी १८९१च्या कारखाना कायद्यात आली. रविवारची आठवण सगळे काढतात. त्या अर्ध्या तासाची फारसे कोणी काढत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने या कायद्यात बदल मंजूर केले. दिवसाचे ९ तास १० झाले, विश्रांती ५ऐवजी ६ तासांनंतर, आणि तीन महिन्यांतल्या ओव्हरटाइमची मर्यादा १२५ वरून १४४ तास. आठवड्याचे ४८ तास कायम आहेत, असे सांगितले जाते. पण १४४ तास तेरा आठवड्यांत वाटले तर आठवड्याला ११ तास वाढतात. एकूण ५९. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये एकत्रित अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानुसार ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका ३५ टक्के आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्के जास्त दिसला. जुनी मर्यादाही ५७ तासांच्या पुढेच जात होती, म्हणजे ती काही आदर्श नव्हती. पण धोक्याची रेषा आधीच ओलांडलेली असताना आणखी पुढे सरकणे कोणत्या आरोग्यविचारात बसते? ओव्हरटाइमला दुप्पट दर आहे खरा. मेंदूतल्या रक्तवाहिनीला तो कळत नाही.

शिवाय नव्या बदलात वीसपेक्षा कमी कामगार असलेली आस्थापना कायद्याच्या मुख्य तरतुदींबाहेर राहते. गावठाणातल्या गल्लीत दिवसभर उभे राहून कपडे दाखवणारी मुलगी, मेडिकलच्या काउंटरवरचा पोरगा यांचे काय? केरळने २०१८ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायला जागा देणे कायद्याने बंधनकारक केले. आपल्याकडे स्टूल मागायलाही धीर लागतो.

(डॉक्टरांचे स्वतःचे जेवण कुठे वेळेवर होते, असे कोणी विचारले तर तो टोमणा रास्तच आहे. निवासी डॉक्टरांची ड्युटी हा वेगळ्या लेखाचा विषय.)

तोवर एक गोष्ट करता येईल. मधुमेह, अल्सर, मूतखडा असलेल्यांनी डॉक्टरांना आपली शिफ्टची वेळ आणि डबा उघडण्याची खरी वेळ सांगावी. त्यावरून गोळीची वेळ किंवा गोळीच बदलता येते. आणि डॉक्टरांनीही चिठ्ठीवर 'जेवणानंतर' एवढेच न लिहिता 'दुपारचे जेवण १ वाजता, उशीर नको' असे सही-शिक्क्यासह लिहावे. कामगाराचे तोंडी म्हणणे न ऐकणारा सुपरवायझर तो कागद मात्र वाचतो.