नाव विचारायचं कुणाला?

मंडळी, १९व्या शतकात ऑर्डनन्स सर्व्हेने स्कॉटलंडच्या नकाशांसाठी पॅरिशवार 'नेम बुक्स' लिहिली. आज ती नेटवर वाचता येतात. रकाने असे: नाव, त्याची निरनिराळी स्पेलिंग्ज, आणि ती कोणी सांगितली. साक्षीला कोण? जमीनदार, पाद्री, शाळामास्तर! लहान शेतकऱ्यांवर विसंबू नका, अशी सूचनाच होती. वा रे न्याय! रोज ओढा ओलांडणारा अडाणी आणि खंड वसूल करणारा जाणकार? त्यात डोंगराळ भागातली नावं गेलिक, आणि लिहून घेणाऱ्या अनेकांना ती भाषाच येत नव्हती. मी आयुष्यभर मास्तरकी केली, मास्तरांचा मान मलाही प्यारा आहे. पण स्पेलिंग मास्तरला विचारावं, नाव मात्र मेंढपाळालाच. पटतंय का?