वाहिन्यांनी थेट प्रेक्षकांना स्ट्रीमिंग विकावं का? कर्जत-खालापूरकरांना काय परवडेल?

‘राजा शिवछत्रपती’ ही मालिका 2008 मध्ये स्टार प्रवाहवर आली. तिचं चित्रीकरण झालेला एन. डी. स्टुडिओ सगळे ‘कर्जतचा’ म्हणत असले, तरी तो आहे खालापूर तालुक्यात, चौकजवळ. तेव्हा कर्जत-खोपोलीत मालिका बघायची तर केबल किंवा डिश लागायची. आता स्टार प्रवाहच्या मालिका जिओहॉटस्टार ॲपवरही दिसतात. मग केबलवाल्याला वगळून वाहिन्यांनी थेट विक्री केली तर?

थेट विक्री म्हणजे काय?

अमेरिकेत एचबीओने 2015 मध्ये केबलशिवाय, महिना 14.99 डॉलरला ‘एचबीओ नाऊ’ सुरू केलं. हवी ती एकच वाहिनी, तेवढेच पैसे.

भारतात उलटं घडलं. एचबीओ वाहिनी डिसेंबर 2020 मध्ये बंद झाली. तिच्या मालिका हॉटस्टारवर दिसायच्या, त्याही 31 मार्च 2023 नंतर तिथून गेल्या आणि पुढे जिओसिनेमावर आल्या. हॉटस्टारचे वर्षभराचे पैसे आधीच भरलेल्यांना त्या मध्येच दिसेनाशा झाल्या.

टीव्ही आणि ॲपमध्ये फरक काय?

2019 पासून ट्रायच्या नियमांनुसार प्रत्येक सशुल्क वाहिनीची किंमत जाहीर करावी लागते आणि ती सुटीही द्यावी लागते. 19 रुपयांहून महाग वाहिनी पॅकेजमध्ये घालता येत नाही. ॲपला हे दरनियम लागू नाहीत. तिथे पॅक कंपनी ठरवते आणि किंमतही तीच.

कर्जत-खालापूरमध्ये काय होईल?

स्टेशनजवळच्या नव्या सोसायटीत वायफाय असेल, तर ॲप सोयीचं. डोंगरातल्या ठाकूर-कातकरी वाड्यांवर गणित बदलतं. डिशला मोबाइलची रेंज लागत नाही, डेटाही लागत नाही. ॲपवर साध्या दर्जाचा एक तास साधारण अर्धा ते एक जीबी खातो. संध्याकाळच्या तीन मालिकांत दिवसाचा डेटा संपू शकतो. शिवाय टीव्ही अख्ख्या घराचा असतो, रिचार्ज मात्र एकाच्या मोबाइलचा.

मग विकावं की नाही?

विकावं, पण तीन अटींवर. ॲप टीव्हीच्या जोडीला असावं, टीव्हीच्या जागी नव्हे. ॲपवरही वाहिनी सुटी आणि जाहीर किमतीत मिळावी. वर्षाचे पैसे घेतल्यावर कार्यक्रम काढले, तर उरलेल्या महिन्यांचे पैसे परत मिळावेत.

हे झालं नाही, तर केबलवाला जाईल, पण नको असलेल्या कार्यक्रमांचं पॅकेज गळ्यात राहीलच. फक्त तक्रार करायला गावात कुणी नसेल.