वाफेचा हत्ती आणि एक लाखाचा चरखा

स्टीमपंक म्हणजे काय हे मूव्ही बघणाऱ्यांना सांगायला नको: पितळी गॉगल, दातेरी चाकं, वाफेवर उडणारी जहाजं. मलाही ते जाम आवडतं. पण मित्रांनो, इंजिनाची दांडी बहुतेक वेळा गोऱ्या साहेबाच्याच हातात का?

ज्यूल व्हर्नच्या १८८० सालच्या 'द स्टीम हाउस'मध्ये इंग्रज मंडळी वाफेच्या पोलादी हत्तीमागे घर जोडून उत्तर भारत फिरतात. आणि खलनायक कोण, तर आपले नानासाहेब पेशवे! (त्याच व्हर्नचा कॅप्टन नेमो मात्र बुंदेलखंडचा राजपुत्र निघतो, तेवढं श्रेय देऊ.) खऱ्या वाफेनं इकडे काय केलं? हिंगणघाटचा कापूस रेल्वेनं मुंबईला नेला आणि तिथून आगबोटीनं विलायतेला.

आपलं स्टीमपंक वाफेवरच चालावं असं थोडंच आहे? १९२९ मध्ये गांधीजींच्या चरखा संघानं नव्या चरख्यासाठी एक लाखाचं बक्षीस लावलं. अटी बघा: वजनाला हलका, किंमत १५० रुपयांच्या आत, आठ तासांत १६,००० फूट सूत. बक्षीस कुणालाच मिळालं नाही. मेकॅनिकलवाल्यांनो, वर्ध्याच्या मगन संग्रहालयात चरखे बघून या आणि ते मशीन कागदावर तरी उतरवा. चालवणारी हिरॉईन सेलूची दाखवा, गॉगल हवा तर द्या तिला.